विश्लेषण : फक्त मेडिकलचे, फक्त कृषी केंद्राचे... एकाच धंद्याचे सॉफ्टवेअर विकून कंपन्या मोठ्या कशा होतात?

जळकोटसारख्या तालुक्याच्या गावातही आता बिल संगणकावर निघते. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीची कमाई नेमकी कशातून होते, ती वाढते कशी आणि त्या वाढीत दुकानदाराचा डेटा कुठे जातो, याचा आढावा.

नांदेडहून उदगीर-बिदरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे जळकोट हे लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. सोयाबीन आणि तुरीवर इथली बाजारपेठ चालते. अशा गावातल्या एखाद्या मेडिकलमध्ये गेलात, तर काउंटरवरचा मुलगा औषधाच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरे टाइप करतो. स्क्रीनवर कंपनी, बॅच, एक्स्पायरी, शिल्लक आणि कोणत्या खणात ठेवले आहे, एवढे सगळे दिसते. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधल्या चारच गोळ्या दिल्या तरी हिशेब चुकत नाही. दोन दुकाने सोडून असलेल्या कृषी सेवा केंद्रातही संगणक आहे, पण त्यातले सॉफ्टवेअर वेगळे. पतसंस्थेत आणखी तिसरेच.

हे तिन्ही धंदे एकच सॉफ्टवेअर का वापरत नाहीत? आणि फक्त मेडिकलला किंवा फक्त पतसंस्थेला सॉफ्टवेअर विकणारी कंपनी मोठी कशी होते? प्रश्न कंपन्यांच्या धंद्याचा वाटतो, पण उत्तराचा संबंध थेट दुकानदाराच्या गल्ल्याशी आहे.

‘एका धंद्याचे सॉफ्टवेअर’ म्हणजे काय?

व्यवसायासाठीच्या सॉफ्टवेअरचे ढोबळ दोन प्रकार. पहिला, सगळ्या धंद्यांना चालणारा. त्याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण म्हणजे टॅली. श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचा मुलगा भारत गोएंका यांनी १९८६ मध्ये ही कंपनी सुरू केली. वडिलांना स्वतःच्या व्यवसायाचे हिशेब ठेवायला सोयीचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलाने ते लिहिले, अशी तिची सुरुवात सांगितली जाते. खातेवही, जमाखर्च, ताळेबंद या गोष्टी कापड दुकानात आणि सिमेंटच्या दुकानात सारख्याच असतात. त्यामुळे टॅली कुठेही चालते.

दुसरा प्रकार एकाच धंद्याचा. मेडिकलला बॅच नंबर आणि एक्स्पायरी लागते. मुदत संपलेला माल स्टॉकिस्टला परत करायचा असतो, त्याचा हिशेब लागतो. ‘दहावर एक फ्री’ अशा स्कीममुळे खरेदीचा खरा भाव काढावा लागतो. एक ब्रँड नसेल तर त्याच घटकाचे दुसरे औषध कोणते, ते लगेच दिसावे लागते.

कृषी केंद्राची गरज निराळी. तिथे बियाण्याचा लॉट नंबर, कीटकनाशकाची बॅच, खताचा साठा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उधारी. सर्वसाधारण सॉफ्टवेअर उधारी तीस किंवा साठ दिवसांची धरते. जळकोटमध्ये मृगात नेलेल्या बियाण्या-खताची उधारी सोयाबीन विकल्यावर फिटते, काहींची तुरीपर्यंत जाते. शेतकऱ्याचे नाव, गाव आणि हंगाम, अशी यादी निघाली तरच ती दुकानदाराच्या कामाची. सगळ्यांसाठी केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे बसवायला वेगळा खर्च येतो. एकाच धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ते पहिल्या दिवसापासून असते. त्याची विक्री होते ती यामुळेच.

दुकानदार ते विकत घेतोच का?

सोयीसाठी घेतो, हे अर्धे उत्तर. बाकी अर्धे म्हणजे नियम. अशा कंपन्यांच्या वाढीचा आलेख पाहिला, तर नवा नियम आला की नवे ग्राहक आले, असे चित्र दिसते.

औषध दुकानांचेच घ्या. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू झाले. काही प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लावणारी औषधे यात येतात. ही औषधे विकताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण यांची वेगळी नोंद ठेवावी लागते आणि ती तीन वर्षे जपावी लागते. हाताने वही भरायची की बिल करतानाच नोंद व्हावी? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते.

मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ज्या दुकानात तोवर कच्च्या पावतीवर भागत होते, तिथेही संगणक आला. अलीकडचे उदाहरण २२ सप्टेंबर २०२५ चे. त्या दिवसापासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर काही जीवरक्षक औषधांवरचा शून्य झाला. दुकानातला माल जुन्या छापील किमतीचा, खरेदी जुन्या दराची आणि विक्री मात्र नव्या दराने करायची. हजार-दोन हजार प्रकारच्या औषधांचे दर एका रात्रीत हाताने बदलणे शक्य नव्हते. ज्यांचे सॉफ्टवेअर अद्ययावत होते, त्यांना अपडेट मिळाले. ज्यांनी वार्षिक शुल्क भरले नव्हते, त्यांना त्या आठवड्यात ते भरण्याचे कारण मिळाले.

शेतीतही हेच. द्राक्षनिर्यातीसाठी अपेडाने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही मागोवा घेणारी व्यवस्था आणली. कोणत्या बागेतला माल कुठे गेला, याची नोंद सक्तीची झाली. अनुदानित खताची विक्री २०१८ पासून देशभर पॉस यंत्रावर होऊ लागली. प्रत्येक वेळी दुकानदाराला, निर्यातदाराला नोंदी ठेवण्याचे काम वाढले आणि त्या कामाचे सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा बाजारही वाढला.

म्हणजे अशा कंपनीचे खरे कौशल्य सॉफ्टवेअर लिहिण्याएवढेच त्या धंद्याचे राजपत्र वाचण्यात असते. नियम लागू होण्याच्या आदल्या दिवशी जिचे अपडेट तयार असते, ती टिकते.

जळकोटपर्यंत ते पोहोचते कसे?

दिल्ली, बेंगळूरू किंवा पुण्यातली कंपनी जळकोटमध्ये स्वतःचा माणूस ठेवू शकत नाही. एका दुकानाकडून वर्षाला मिळणारी रक्कम इतकी कमी असते, की एका फेरीच्या खर्चातच ती संपेल. म्हणून विक्रीचे जाळे पार्टनरचे असते. उदगीर किंवा लातूरमधला एखादा संगणक विक्रेता सॉफ्टवेअर बसवून देतो, कमिशन घेतो आणि अडचण आली की फोनवर किंवा एनीडेस्कने दुकानाचा संगणक स्वतःच्या स्क्रीनवर घेऊन दुरुस्ती करतो. ग्राहकाच्या लेखी कंपनी म्हणजे हा माणूसच.

टॅलीची वाढ याच वाटेने झाली, पण तिला आणखी एक फायदा मिळाला. गावोगावी टॅलीचे क्लास निघाले. वाणिज्य शाखेचा मुलगा शिकतानाच टॅली शिकतो. नोकरीला लागला की मालकाला तेच घ्यायला लावतो. एका धंद्याच्या सॉफ्टवेअरला असा क्लास नसतो. मग त्याचा प्रचार कोण करतो?

औषधांच्या बाबतीत याचे उत्तर आहे स्टॉकिस्ट. मेडिकलमध्ये साठ प्रकारची औषधे आली, तर प्रत्येकाचे नाव, बॅच, एक्स्पायरी, एमआरपी, दर आणि स्कीम हाताने भरायला तास-दीड तास जातो. पण स्टॉकिस्टचे बिल फाइलच्या रूपात आले आणि दुकानातल्या सॉफ्टवेअरने ते जसेच्या तसे उचलले, तर हे काम दोन-चार मिनिटांत होते. दोघांकडे एकाच कंपनीचे सॉफ्टवेअर असेल तर सर्वांत सोपे. म्हणजे जिल्ह्यातले मोठे स्टॉकिस्ट हाताशी आले, की त्यांच्याकडून माल घेणारी दुकाने आपोआप त्याच सॉफ्टवेअरकडे वळतात. एक स्टॉकिस्ट शंभर जाहिरातींचे काम करतो.

हा या व्यूहरचनेचा गाभा आहे. सगळ्या धंद्यांत थोडे थोडे ग्राहक मिळवण्यापेक्षा एका धंद्याच्या साखळीतले वरचे टोक पकडायचे. मग खालची टोके स्वतः येतात. मार्गसारखी दिल्लीची कंपनी औषध व्यापारात पसरली, ती असेच वितरक आणि दुकानदार दोघांनाही ग्राहक करून.

मग खरा पैसा कशात आहे?

सॉफ्टवेअर पहिल्यांदा विकताना मिळणाऱ्या रकमेतला मोठा भाग पार्टनरच्या कमिशनमध्ये, बसवून देण्यात आणि शिकवण्यात जातो. कंपनी जगते ती दरवर्षीच्या रिन्युअलवर. यातले गणित साधे आहे, पण सारा खेळ त्यावर आहे.

समजा, एका कंपनीकडे हजार दुकाने आहेत आणि प्रत्येक दुकान वर्षाला पाच हजार रुपये भरते. दरवर्षी शंभरातली वीस दुकाने सोडून जात असतील, तर एक दुकान सरासरी पाच वर्षे टिकते. त्याच्याकडून एकूण २५ हजार मिळतात. कंपनीला दरवर्षी दोनशे नवी दुकाने मिळवावी लागतात, तीही वाढण्यासाठी नाही, फक्त आहे तिथे राहण्यासाठी. आता सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण वीसवरून दहावर आणले, तर दुकान सरासरी दहा वर्षे टिकते. त्याच दुकानाकडून ५० हजार मिळतात. एकही नवा ग्राहक न जोडता प्रत्येक ग्राहकाची किंमत दुप्पट झाली.

म्हणून या कंपन्यांचे सर्वाधिक लक्ष ग्राहक सुटू न देण्यावर असते. त्याचे दोन मार्ग. चांगला मार्ग म्हणजे सेवा. फोन उचलणे, अपडेट वेळेवर देणे, दुकानदाराने सांगितलेली सुधारणा करणे. दुसरा मार्ग म्हणजे बाहेर पडणे अवघड करणे. सहा वर्षांची खरेदी-विक्री, उधारी, एक्स्पायरीचा हिशेब एका विशिष्ट पद्धतीच्या फाइलमध्ये साठलेला असतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो नेता येत नसेल, तर दुकानदार चिडला तरी जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही ग्राहक सारखेच दिसतात. हिशेबात दोघेही ‘टिकलेले’. फरक फक्त दुकानदाराला माहीत असतो.

एका धंद्यातली दुकाने संपली की पुढे काय?

एका धंद्याला धरून राहण्याची मर्यादा इथे येते. देशात औषधविक्रेत्यांची संख्या मोठी आहे. ऑल इंडिया ऑर्गनायझेशन ऑफ केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स ही त्यांची संघटना १२ लाखांहून अधिक सभासद असल्याचे सांगते. पण प्रत्येक दुकानाकडून मिळणारी रक्कम छोटी आणि स्पर्धक अनेक. त्यामुळे एका टप्प्यावर वाढ थांबते. त्यानंतरच्या वाटा जगभरातल्या अशा कंपन्यांनी दाखवून दिल्या आहेत.

पहिली वाट, त्याच ग्राहकाला दुसरी वस्तू विकणे. अमेरिकेतल्या व्हीवा सिस्टम्सचे नाव यात हमखास घेतले जाते. पीटर गॅसनर यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीने फक्त औषध कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर करायचे ठरवले. सुरुवात एमआर मंडळींच्या डॉक्टर-भेटींच्या नोंदींपासून. तेव्हा इतक्या अरुंद क्षेत्रात किती वाढणार, अशी शंका घेतली गेली. नंतर कंपनीने त्याच ग्राहकांना औषध चाचण्यांची कागदपत्रे, गुणवत्ता नियंत्रण, नियामकांकडे द्यायचे अर्ज यांची सॉफ्टवेअर विकली. २०१३ मध्ये ती न्यूयॉर्क शेअर बाजारात आली.

दुसरी वाट, तोच धंदा पण दुसरा देश. पुण्यातून चालणारे फार्मईआरपी हे आपल्याकडचे उदाहरण. संजय बोरकर आणि संतोष शिंदे यांनी २००१ मध्ये ही कंपनी सुरू केली. एकट्या शेतकऱ्याकडून सॉफ्टवेअरचे शुल्क मिळणे अवघड. त्यामुळे शेती कंपन्या, निर्यातदार, मोठ्या लागवडी करणाऱ्या संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या असा ग्राहक तिच्याकडे दिसतो आणि तो अनेक देशांत पसरलेला आहे. फवारणी, काढणी, मजुरी आणि मालाचा मागोवा या गरजा पीक बदलले तरी फारशा बदलत नाहीत.

तिसरी वाट, पैशाच्या व्यवहारात शिरणे. अमेरिकेतली टोस्ट ही कंपनी हॉटेलांना बिलिंग सॉफ्टवेअर देते, पण तिच्या उत्पन्नाचा मोठा वाटा कार्ड पेमेंटवरच्या शुल्कातून येतो. जेवणाचे बिल कार्डने भरले की त्यातला छोटा हिस्सा टोस्टला मिळतो.

ही तिसरी वाट भारतात जवळपास बंद आहे. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डच्या व्यवहारांवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. जळकोटच्या दुकानात क्यूआर कोडवर आलेल्या दोनशे रुपयांतून सॉफ्टवेअर कंपनीला काही सुटत नाही. ग्राहकाच्या आणि दुकानदाराच्या दृष्टीने हे चांगलेच. पण त्यामुळे भारतातल्या कंपन्यांना कमाईची दुसरी जागा शोधावी लागते. ती जागा म्हणजे दुकानदाराला कर्ज मिळवून देणे, त्याची मालाची ऑर्डर आपल्यामार्फत वळवणे, किंवा कुठे काय विकले जाते ही माहिती वापरणे. या तिन्हींचा कच्चा माल एकच आहे, दुकानातला डेटा.

कंपनीच विकली गेली तर?

चौथी वाट बाहेर पडण्याची. कॅनडातील कॉन्स्टेलेशन सॉफ्टवेअर ही कंपनी १९९५ पासून एकेका धंद्याचे सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या कंपन्या विकत घेत आली आहे. अशा शेकडो कंपन्या तिच्याकडे आहेत. ती त्या सहसा पुन्हा विकत नाही, त्यांच्या रिन्युअलच्या उत्पन्नातून पुढच्या घेते. तिथे विकत घेणारा फक्त सॉफ्टवेअरच्या धंद्यात असतो.

पण विकत घेणारा दुकानदाराच्याच धंद्यात असेल तर? भारतात असे घडले आहे. बेंगळूरूची सी-स्क्वेअर इन्फो सोल्यूशन्स ही कंपनी औषधांचे वितरक आणि दुकाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर करते. मार्च २०१९ मध्ये रिलायन्स समूहाने सुमारे ८२ कोटी रुपयांत तिच्यातला बहुतांश हिस्सा घेतला. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये याच समूहाने ऑनलाइन औषधविक्री करणाऱ्या नेटमेड्सच्या पालक कंपनीतला ६० टक्के हिस्सा सुमारे ६२० कोटींना घेतला.

दोन्ही व्यवहार कायदेशीर आणि जाहीर आहेत. सॉफ्टवेअर कंपनी घेतली म्हणजे दुकानांचा डेटा दुसरीकडे वापरला, असा त्याचा अर्थ होत नाही. पण दुकानदाराच्या जागेवरून पाहा. ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात २८ सप्टेंबर २०१८ ला देशभरातल्या मेडिकल दुकानांनी बंद पाळला होता. ज्या स्पर्धेविरुद्ध शटर खाली ओढले, त्याच स्पर्धेतल्या एखाद्या समूहाकडे उद्या आपल्या बिलिंग सॉफ्टवेअरची मालकी गेली तर? कोणत्या गावात मधुमेहाची कोणती गोळी महिन्याला किती खपते, कोणत्या भावात खरेदी होते, किती सवलत दिली जाते, हे सगळे त्या सॉफ्टवेअरमध्ये असते.

छोट्या दुकानदाराला हा व्यवहार होताना विचारले जात नाही. त्याने काही वर्षांपूर्वी ज्या कंपनीला होकार दिला, तिचा मालक बदलतो. पुढच्या वेळी अटी मान्य करण्याचे बटण स्क्रीनवर येते, तेव्हा काउंटरवर गिऱ्हाईक उभे असते.

कायदा दुकानदाराच्या बाजूने आहे का?

अर्धवट. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. हा कायदा व्यक्तीच्या माहितीचे संरक्षण करतो. म्हणजे मेडिकलमधल्या रुग्णाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि त्याने घेतलेले औषध यांचे.

इथे एक बारकावा आहे. रुग्णाची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे दुकान ठरवते आणि सॉफ्टवेअर कंपनी ती दुकानाच्या वतीने सांभाळते, अशी रचना असेल, तर कायद्याने पहिली जबाबदारी दुकानाची ठरते. म्हणजे सॉफ्टवेअर कोणते घेतले, हा प्रश्न फक्त सोयीचा राहत नाही.

आणि दुकानाची स्वतःची माहिती? एकूण विक्री, नफ्याचे प्रमाण, कोणत्या स्टॉकिस्टकडून किती माल, ही धंद्याची माहिती ‘वैयक्तिक’ नाही. ती या कायद्यात बसत नाही. तिचे संरक्षण होते ते सॉफ्टवेअर घेताना केलेल्या कराराने. तो करार म्हणजे न वाचता मान्य केलेल्या अटी.

सॉफ्टवेअरच बंद पडले तर काय होते?

एका धंद्यातले बहुतेक ग्राहक एकाच कंपनीकडे गेले, की त्या कंपनीची अडचण संपूर्ण धंद्याची होते. याचा अनुभव सहकारी बँकांनी घेतला आहे.

टीसीएस आणि स्टेट बँक यांची संयुक्त कंपनी सी-एज टेक्नॉलॉजीज ही छोट्या बँकांना, त्यातही सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना, बँकिंगची यंत्रणा पुरवते. छोट्या बँकेला स्वतःचा सर्व्हर, स्वतःचे अभियंते परवडत नाहीत, म्हणून ही रचना सोयीची. ३१ जुलै २०२४ ला या यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याची शक्यता पुढे आली. एनपीसीआयने सावधगिरी म्हणून सी-एजचा पेमेंट यंत्रणेशी संपर्क तात्पुरता तोडला. रॉयटर्सच्या वृत्तानुसार सुमारे ३०० छोट्या बँकांवर परिणाम झाला. त्यांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला संपर्क पूर्ववत झाला. बँका शेकडो, पण बंद पडण्याचे ठिकाण एक.

गावपातळीवर हाच प्रश्न विविध कार्यकारी सेवा सोसायट्यांच्या निमित्ताने येतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ ला देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,५१६ कोटी रुपये होता. नाबार्डमार्फत राबवल्या जाणाऱ्या या योजनेत सगळ्या सोसायट्यांसाठी एकच राष्ट्रीय सॉफ्टवेअर आहे. महाराष्ट्रातल्या सुमारे १२ हजार सोसायट्या त्यात आहेत. गटसचिवाच्या कपाटातली पीककर्जाची नोंद संगणकावर येणे ही चांगली गोष्ट. कर्जमाफीच्या वेळी याद्यांतले घोळ किती त्रास देतात, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण खरीप पीककर्जाच्या ऐन दिवसांत यंत्रणा अडली, तर वही काढून काम पुढे नेता येईल, अशी पर्यायी सोय सोसायटीत असायला हवी.

दुकानदाराने रिन्युअलच्या वेळी काय विचारावे?

सॉफ्टवेअर वापरू नका, हा यातला धडा नाही. एक्स्पायरी झालेला माल वेळेत परत गेला, तरी वर्षाचे शुल्क अनेकदा वसूल होते. पण शुल्क भरण्याचा दिवस हा वर्षातला एकच दिवस असा असतो, जेव्हा पार्टनर दुकानदाराचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतो. त्या दिवशी पाच गोष्टी विचारून घ्याव्यात.

एक : माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून मिळतो का? फक्त बॅकअप नव्हे. बॅकअपची फाइल बहुतेकदा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. पक्षकार-खाती, शिल्लक माल, बॅच, एक्स्पायरी आणि उधारी वेगवेगळ्या याद्यांत निघायला हवी. पार्टनरला ते समोर काढून दाखवायला सांगा.

दोन : शुल्क भरले नाही तर काय होते? जुनी बिले पाहता येतात की स्क्रीनच बंद होते? एच-१ ची नोंद तीन वर्षे ठेवायची आहे, त्यामुळे हा प्रश्न महत्त्वाचा.

तीन : डेटा कुठे साठतो? दुकानातल्या संगणकावर, कंपनीच्या क्लाउडवर की दोन्हीकडे? क्लाउडवर असेल तर इंटरनेट गेल्यावर बिल निघते का? पावसाळ्यात लाइट आणि नेट एकदमच जाणाऱ्या गावात हे आधी तपासलेले बरे.

चार : माझी विक्रीची माहिती कंपनी तिसऱ्या कुणाला देते का? तोंडी ‘नाही’ पुरेसे नाही. अटींमध्ये काय लिहिले आहे ते मागून घ्या.

पाच : कंपनीची मालकी बदलली तर मला कळवणार का आणि तेव्हा डेटा घेऊन बाहेर पडता येईल का?

एकट्या दुकानदाराने हे विचारले, तर पार्टनर ‘कंपनीला कळवतो’ म्हणून फोन ठेवेल. तालुक्याच्या केमिस्ट संघटनेने किंवा कृषी निविष्ठा विक्रेत्यांनी मिळून विचारले, तर गोष्ट वेगळी. ज्या कंपनीचे गणित ग्राहक टिकण्यावर चालते, तिला एका तालुक्यातली चाळीस दुकाने एकदम जाणे परवडत नाही. स्टॉकिस्टच्या एका होकाराने कंपनी जशी गावात येते, तशीच दुकानदारांच्या एकत्र प्रश्नाने तिला उत्तर द्यावे लागते.

तोवर एक काम आजच करता येईल. रात्री शटर ओढण्याआधी बॅकअप घ्यायचा आणि तो पेनड्राइव्ह घरी न्यायचा. महिन्यातून एकदा तो उघडून पाहायचा. बॅकअप घेतला होता, पण उघडला नाही, हे कळण्याची वेळ बहुधा संगणक बंद पडल्यावरच येते.